उंचीवरची खिचडी

डोंगरावर कॅम्पिंगला केलेली खिचडी कच्ची राहिली म्हणून एकांनी स्टोव्हला दोष दिलाय आणि त्यापेक्षा ब्रेड-बटरच न्या असं सुचवलंय. पण स्टोव्ह बिचारा निर्दोष आहे. दोष उंचीचा. आम्ही कॅलिफोर्नियात इन्यो नॅशनल फॉरेस्टमधल्या ग्रँडव्ह्यू कॅम्पग्राउंडला राहिलो होतो, साधारण ८,६०० फुटांवर. तिथे पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं. मग उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी बोटचेपी होत नाही, गॅस मात्र संपतो. त्यावर ब्रेड-बटर हा उपाय मला पटत नाही. तीन लिटरचा छोटा कुकर न्या, तूरडाळीऐवजी मूगडाळ घ्या, ती घरूनच भिजवून न्या. फक्त शिट्ट्या संध्याकाळी लवकर उरका. आमच्या पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले आजोबा टॉर्च घेऊन बाहेर आले होते! (नंतर वाटीभर खिचडी खाऊन गेले.)

आणि हो, या कॅम्पग्राउंडला नळच नाही. बिग पाइन गावातच कॅन भरून घ्यायचे. आम्ही पिण्यापुरतंच नेलं होतं, त्यामुळे खरकटी भांडी तशीच पिशवीत बांधून घरी आणली. वर ब्रिसलकोन पाइनची झाडं बघायला जाणार असाल, काही तर चार हजार वर्षांच्या पुढची आहेत, तर तिथे दहा हजार फुटांवर चढताना दम लागतो. पहिल्या दिवशी घाई नको.