संकरित नेपिअर नेमके केव्हा कापावे?

प्रश्न (फलटण)
नमस्कार. माझ्याकडे चार संकरित गाई आणि अर्धा एकर फुले जयवंत (संकरित नेपिअर या चाऱ्याच्या गवताचा वाण) आहे. गवत डोक्याच्या वर गेल्यावर, म्हणजे साधारण ७५ दिवसांनी कापले की वजन भरपूर मिळते, परंतु गाई दांडे गव्हाणीत तसेच ठेवतात आणि दूधही घटते. लवकर कापावे तर चारा पुरेल का, ही चिंता आहे. शिवाय माळावरचे गवत आम्ही दिवाळीनंतर कापतो, तेही उशिराचे ठरते का?

उत्तर १
आपण वजन मोजता, पण गाईला मिळते ते त्यातले पचणारे अन्न. गवत वाढते तसे पानांचे प्रमाण घटते, खोड वाढते आणि खोडात लिग्निन हा कडक, लाकडासारखा घटक साठतो. हे लिग्निन कोठीपोटातल्या (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंनाही फोडता येत नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. कोवळ्या २५ किलो चाऱ्यात १६ टक्के शुष्कांश (पाणी वगळून उरणारा भाग) आणि त्यात १० टक्के प्रथिने धरली, तर गाईला ४०० ग्रॅम प्रथिने मिळतात. जून गवतात शुष्कांश २२ टक्के, पण प्रथिने ६ टक्के धरली, तर तेवढ्याच चाऱ्यातून ३३० ग्रॅमच येतात, आणि पचनीयता घटते ती वेगळीच. मग ती तूट आपण पेंडीने भरून काढतो, म्हणजे फुकटचे वाटणारे वजन महागच पडते.

पहिली कापणी लागवडीनंतर ६० ते ७० दिवसांनी आणि पुढच्या ४५ ते ५० दिवसांच्या अंतराने घ्याव्यात. हिवाळ्यात वाढ मंदावते, त्यामुळे तेव्हा दिवसांपेक्षा उंची पाहावी; गवत कमरेच्या वर आणि छातीच्या खाली असावे. पुरवठ्यासाठी प्लॉटचे पट्टे पाडून रोज एक पट्टा कापा, म्हणजे शेवटचा पट्टा संपेपर्यंत पहिला पुन्हा तयार होतो.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, मात्र ‘कोवळे ते चांगले’ हे सूत्र ताणू नये. फार कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झलेट हे क्षार जास्त असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. तंतुमय भाग कमी पडल्याने शेण पातळ होते आणि दुधाची फॅटही घसरते. त्यासाठी सोबत थोडा कडबा द्यावा. वारंवार लवकर कापणी केल्यास ठोंबांतील साठा संपून फुटवे विरळ होतात.

उत्तर ३
माळावरच्या गवताबद्दल लिहितो. पवना असो की कुसळी, फुलोऱ्यात कापले तरच त्यात काही सत्त्व असते. बी झडून गवत पिवळे पडले की प्रथिने दोन-तीन टक्क्यांवर येतात आणि हाती उरते ते केवळ पोट भरणारे वैरण. कुसळीचे तर कुसळ पक्व झाल्यावर शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. अडचण एवढीच, की फुलोऱ्याच्या वेळी पाऊस पूर्ण उघडलेला नसतो आणि भिजलेल्या गवताला बुरशी येते. म्हणून सप्टेंबरअखेर उघडीप मिळताच थोडे-थोडे कापून वाळवावे. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी एक कोपरा न कापता राखून ठेवावा.