घर किती मोठं हवं? गरज किती, हौस किती, तुमचे अनुभव लिहा

घर बघायला निघालं की पहिला प्रश्न किती चौरस फूट, मग आकडा हळूहळू चढत जातो, बजेट ताणलं जातं, आणि राहायला गेल्यावर अडचण होते ती भलत्याच गोष्टीने. माझं मत आधीच सांगून टाकते. घरात माणसं किती यापेक्षा एकाच वेळी किती जणांना वेगवेगळं काहीतरी करायचं असतं, यावर जागेची गरज ठरते. दुपारी घरात एकच माणूस असताना कुठलंही घर मोठंच वाटतं, खरी परीक्षा सकाळच्या घाईत आणि रात्री सगळे घरी आल्यावर.

जपान सरकारने याचा चक्क हिशोब मांडून ठेवलाय. एकट्या माणसाला किमान 25 चौरस मीटर, दोन किंवा जास्त असतील तर माणशी 10 आणि वर 10, म्हणजे चौघांना 50, साधारण 540 चौरस फूट. ही झाली गरज. ऐसपैस राहण्याचं मापही त्यांनीच दिलंय, चौघांना शहरातल्या फ्लॅटमध्ये 95 आणि शहराबाहेरच्या घरात 125 चौरस मीटर. म्हणजे तिथेही गरजेच्या जवळपास दुप्पट ते अडीचपट हौस आहे. शिवाय लहान मुलं पूर्ण माणूस धरत नाहीत, तीन वर्षांखालचं बाळ पाव माणूस, सहाखालचं अर्धा.

तर लिहा. किती जण, किती जागा, काय कमी पडलं, काय नुसतं पडून राहिलं.

*

बाळ पाव माणूस हे वाचून लिहायला बसले. माझं दहा महिन्यांचं आहे आणि सध्या घरात सगळ्यात जास्त जागा त्याचीच! पाळणा, स्ट्रोलर, वाळत घातलेले कपडे, रांगायला मोकळी फरशी, हे सगळं एकवेळ जमवता येतं. पण ते झोपलं की अख्खी बेडरूम त्याची होते, लाइट लावायचा नाही, कपाट उघडायचं नाही, फोन घ्यायचा नाही. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत कुजबुजत बसतो. दोनच खोल्या आहेत आणि एक दिवसातले कितीतरी तास बंद असते, हे कुठल्या हिशोबात धरतात ते सांगा.

*

आमच्याकडे उलट आहे. वडिलोपार्जित घर, भरपूर खोल्या, आता राहणारे तिघं. लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलए या तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी 32 कुटुंबांच्या घरात जाऊन कोण कधी कुठे असतं याच्या नोंदी घेतल्या होत्या, त्यात दिसलं की माणसं स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि टीव्हीची खोली याभोवतीच असतात, बाकीचं घर बरंचसं रिकामं. अगदी आमचंच वर्णन. वरच्या मजल्यावर आम्ही फक्त झाडायला जातो. आणि रिकामी खोली रिकामी राहत नाही हो, जुनं कपाट, बंद पडलेला पंखा, कुणाकुणाच्या बॅगा, "सध्या वर ठेव" असं म्हणत म्हणत दोन खोल्या सामानाच्या झाल्यात. अमेरिकेत तर नवीन घराचा मधला आकार 1973 ला साधारण 1,500 चौरस फूट होता तो 2015 पर्यंत 2,400 च्या वर गेला आणि त्याच काळात कुटुंबं मात्र लहान होत गेली. मला विचाराल तर तिसरी बेडरूम घ्यायच्या आधी घरातल्या वस्तू मोजा.

*

मुलगी 13, मुलगा 10. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एका खोलीत मजेत होते, आता रोज भांडणं. युरोपियन युनियनमध्ये घरात दाटी आहे की नाही हे ठरवायचा नियम आहे, बाराखालच्या दोन मुलांना मिळून एक खोली पुरते, पण बारानंतर मुलगा आणि मुलगी असतील तर वेगळी धरतात. मला तो नियम अगदी बरोबर वाटतो कारण आमच्याकडे तेवढ्यातच बदललं सगळं. आम्ही मोठं घर घेऊ शकत नाही म्हणून खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून दोन उंच कपाटं उभी केली, एकाचं तोंड इकडे एकाचं तिकडे. खिडकी मुलीच्या बाजूला गेली म्हणून टेबलाची चांगली जागा मुलाला. क्षेत्रफळ एक इंचानेही वाढलं नाही (खरं तर कमीच झालं) पण भांडणं निम्मी झाली.

*

वृद्ध माणसांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आईला पक्षाघात झाला तेव्हा आमची बेडरूम चांगली मोठी होती, पण पलंग भिंतीला टेकलेला. झोपलेल्या माणसाला कूस बदलवायची तर दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे, पलंग मधे ओढला तर कपाटाचं दार उघडेना. व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण पाच फुटांचा गोल मोकळा लागतो. आमच्या हॉलमध्ये तो होता, बाथरूमच्या दारापाशी नव्हता, आणि दारच इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. शेवटी बाथरूमचं दार काढून रुंद करून घेतलं आणि पॅसेजमधलं चपलांचं कपाट हलवलं. घर घेताना कुणी बाथरूमच्या दाराची रुंदी मोजत नाही, कृपया मोजा.

*

स्वयंपाकघराबद्दल. 1926 मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नवीन वसाहतींसाठी छोटं स्वयंपाकघर आखलं, साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट, पावलं वाचावीत म्हणून प्रत्येक गोष्ट हाताशी. तशी हजारो बांधली गेली. पण नंतर त्यावर टीका हीच झाली की त्यात एकच माणूस काम करू शकतं आणि ती बाई आत एकटी पडते. आमचंही तसलंच होतं, एका माणसासाठी मस्त, नवरा मदतीला आला की दोघंही अडकलो. मधली अर्धी भिंत पाडून ओटा बाहेरच्या बाजूने खुला केला. जागा तेवढीच, पण आता मुलगी समोर बसून अभ्यास करते आणि काम एकटीवर पडत नाही.

*

कमी जागेत किती छान राहता येतं हे वाचलं की मला त्रास होतो, तो मांडतेच. आम्ही सात जण एका खोलीत राहायचो. यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची घरं आणि वस्त्यांचं काम बघणारी संस्था एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं असली तर ती जागा अपुरी धरते, आम्ही दुपटीच्या वर. झोपताना क्रम ठरलेला, रात्री एकाने कूस बदलली की शेजारच्याला कळायचं. कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. अभ्यास सगळे झोपल्यावर, तोही जिन्यातल्या दिव्याखाली. एकाला ताप आला की आठवड्याभरात सगळ्यांना. आणि रडायला जागा नाही, हे कुणी लिहीत नाही. आजी गेली तेव्हा मी नळ सोडून न्हाणीत रडले, आणि तिथेही बाहेरून दार वाजलंच. आज मला स्वतःची एक खोली हवी आहे, तिला दार हवंय आणि दाराला आतून कडी हवी आहे. ही हौस आहे असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

*

एकटा राहतो, 280 चौरस फूट, पुरतं. मोठी खिडकी आहे म्हणून पुरतं, तेवढीच अंधारी जागा आधी भाड्याने होती तिथे जीव घाबरायचा.

*

धागा सुरू करणारी परत. न्हाणीतल्या रडण्याबद्दल लिहिलंत, मनापासून आभार, माझ्या हिशोबात ही गोष्ट नव्हती. आता मला दाराबद्दलच विचारायचंय. आम्ही दोघं घरून काम करतो, दोघांचे कॉल एकाच वेळी, हॉलचा एक कोपरा वेगळा करायचाय. जागा कमी म्हणून सरकतं दार बसवावं म्हणतोय, आवाज अडेल का?

*

नाही अडणार फारसा. सरकत्या दाराला चारी बाजूंनी फट राहते, आवाज तिथूनच येतो. बिजागऱ्यांचं भरीव लाकडी दार लावा, चौकटीला रबरी पट्टी आणि खाली फट बंद करणारी पट्टी. उघडायला दोन-अडीच फूट जागा जाईल, तेवढी आधी फरशीवर खडूने आखून बघा, त्यात टेबल येतंय का ते.