तिसऱ्या महिन्यात गाडी का अडते?

गेल्या चार वर्षांत मी पाच वेळा खर्चाचं नियोजन केलं. घरखर्चाला किती, कर्जाच्या हप्त्याला किती, बचतीला किती, सगळं वहीत रकाने आखून. पहिला महिना छान जातो, दुसरा बरा जातो आणि तिसऱ्यात काहीतरी उपटतं. या वेळी रूट कॅनाल निघालं. त्याआधी गाडीचे टायर, त्याआधी फ्रिज. मग वही उघडवतच नाही. उधळपट्टी मी करत नाही. नवरा म्हणाला, "तुझ्यात चिकाटी नाही." ते फार लागलं, कारण बाकीची कामं मी तडीस नेते. ज्यांना जमलंय त्यांनी सांगा, कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, टायर कधी ना कधी झिजणारच होते. तो खर्च अचानक आला असं वाटलं, कारण वहीत त्याला रकाना नव्हता. अ‍ॅबिगेल ससमन आणि अ‍ॅडम ऑल्टर या संशोधकांनी २०१२ मध्ये नेमकं हेच दाखवलं. नेहमीच्या खर्चाचा अंदाज लोकांना बऱ्यापैकी येतो, पण क्वचित येणाऱ्या खर्चांचा येत नाही. असा प्रत्येक खर्च 'एवढ्या वेळेपुरता' म्हणून सुटा धरला जातो. फ्रिज एकदाच, दाढ एकदाच. पण असे 'एकदाच' वर्षभरात किती येतात, हे कुणी मोजत नाही.

मी स्वतः बँकेचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट छापून घेतलं आणि दर महिन्याला न येणाऱ्या प्रत्येक खर्चाला लाल पेनाने खूण केली. बेरीज केली, १२ ने भागलं. तेवढी रक्कम आता पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जाते. पहिल्या वर्षी दोनदा ते खातं अपुरं पडलं, तरी वही बंद पडली नाही.

आणि एक. महिना बिघडला की 'आता काय उरलंय' म्हणून सगळंच सोडून देणं, हे डाएट करणाऱ्यांमध्ये संशोधकांनी पूर्वीच टिपलंय. तुमच्याकडे तेच होतंय असं वाटतं. पाने फाडू नका, पुढच्या तारखेपासून लिहा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण दर महिन्याला मनाला पटवावं लागत असेल तर मन कधीतरी दगा देतंच. रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना विचारलं: आज काही कापू नका, पण पुढची पगारवाढ होईल तेव्हा बचतीचा वाटा आपोआप वाढू द्याल का? हो म्हणून टिकलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातातला पैसा कमी झाला नाही, म्हणून ते टिकलं. मी पगारवाढीचं पत्र आलं त्याच दिवशी बँकेला सूचना दिली.

मात्र क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा.

प्रतिसाद ३

माझं काम भाषांतराचं, पैसे कधी येतील याचा नेम नाही. ठरावीक रकमेचं नियोजन मला कधीच पेललं नाही. आलेल्या प्रत्येक बिलातला दहावा हिस्सा त्याच दिवशी बाजूला, एवढंच करते.

मूळ प्रश्नकर्ती

काल रात्री स्टेटमेंट घेऊन बसले. १२ पैकी ९ महिन्यांत लाल खूण! नवऱ्यासमोर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग पेन घेऊन मी विसरलेल्या दोन नोंदी त्यानेच जोडल्या. खातं उद्या उघडतोय, दोघांच्या नावावर. विम्याचा वार्षिक हप्ताही त्यातूनच भरायचा ना?

प्रतिसाद १

हो, त्यातूनच. त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.