मदत हवी: बोटीतल्या वायरच्या जोडात पाणी जातंय, अर्जंट

हर्णै_४१५: मंडळी, लाइट परत गेला. दीड महिन्यात तिसऱ्यांदा. दरवेळी जोड सोडवला की आत हिरवं झालेलं असतं, कापतो, परत पिळतो, टेप मारतो, यावेळी वर सिलिकॉनपण थापलं तरी तेच. परवा पहाटे निघायचंय. पाणी जाणारच नाही असा जोड कसा मारायचा? आणि 'वायरमन बोलव' सांगू नका, पहिला जोड त्यानेच मारलाय.

खाडीकर: कुठला लाइट? डोलकाठीवरचा की केबिनमधला? १२ व्होल्ट की २४? वायर कसली?

जुना_तांडेल: सोल्डर मार रे सरळ. आमच्या बोटीवर सोल्डरचा जोड वर्षानुवर्षं चाललाय.

खाडीकर: काका, इंजिनाच्या थरथरीने सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर तुटते. अमेरिकेत बोटींच्या वायरिंगचं एबीवायसी या संस्थेचं स्टँडर्ड आहे, त्यातपण नुसत्या सोल्डरच्या भरवशावर जोड ठेवू नका असंच आहे.

जुना_तांडेल: अमेरिकेने आमच्या बोटी बघितल्यात का?

मिस्त्री_२४व्होल्ट: सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो का? येत असेल तर ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, तांबं खातं. म्हणजे तू औषध म्हणून विष लावलंस.

सागरवेडा: तुमचा डावीकडचा लाइट लाल आणि उजवीकडचा हिरवाच आहे ना? अनेकांचे उलटे असतात.

हर्णै_४१५: लाल हिरवं बरोबर आहे हो!! वास येतो, आंबट. १२ व्होल्ट. वायर घराची फिटिंग केली त्यातली उरलेली. डोलकाठीवरचा पांढरा लाइट, पण जोड वर नाही, खाली पंपाजवळ आहे. पंपाच्या वायरीतूनच लाइन घेतलीय, तिथे वीतभर पाणी कायम असतंच.

खाडीकर: हे आधी सांगायचं ना राव! जोड पाण्यात ठेवूच नका. वर घ्या, केबिनच्या छताखाली, आणि जोडाच्या आधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून गळून पडेल. पंपाची लाइन वेगळी करा. फ्यूज किती अँपिअरचा आहे?

हर्णै_४१५: सारखा उडायचा म्हणून काढला.

मिस्त्री_२४व्होल्ट: 🙏 आधी फ्यूज लाव, तो उगाच नव्हता उडत. डीसीमध्ये ओल्या जोडात प्लसची वायर आधी खाल्ली जाते, बघ, तीच जास्त हिरवी असेल. आता बट कनेक्टर आण (दोन वायरींची टोकं आत घालून दाबायची धातूची पुंगळी), ती रॅचेटवाल्या क्रिम्परने दाब, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणाऱ्या दाबपक्कडीने; साध्या, पक्कडीने चेपलेलं धरत नाही. मग जोर लावून ओढून बघ. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आकसणारी नळी, हॉट एअरने तापव, दोन्ही टोकांतून गोंद डोकावला की झालं. ही हीटश्रिंकची नळी आधी वायरीत सरकवून ठेव मग क्रिम्प कर, मी दोनदा विसरलोय आणि दोनदा सगळं कापलंय.

सोलरप्रेमी: त्यापेक्षा सोलरचा लाइट बसवा, वायरच नको.

जुना_तांडेल: ग्रीस भरा नुसतं.

हर्णै_४१५: क्रिम्पर दापोलीहून मागवला. पण वायर दीड फूट मागे कापली तरी आत काळीच निघतेय, चकचकीत तांबं दिसतच नाही.

मिस्त्री_२४व्होल्ट: पाणी आतल्या बारीक तारांमधून चढत गेलंय. त्यावर क्रिम्प टिकणार नाही. आख्खी बदल, कथिल चढवलेली बोटीची वायर घे. बाकीचं वायरिंग १ जूनपासूनच्या पावसाळी मासेमारी बंदीत काढ.

हर्णै_४१५: परवापर्यंत मिळेल का पण? मीटरला काय भाव आहे?