गारा पडून गेल्यावर मन ताळ्यावर कसं आणायचं?

वेलीखालचा
नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यातून लिहितोय. साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं, बाकी थोडा कांदा. परवा संध्याकाळी गारा झाल्या, जेमतेम पंधरा मिनिटं. बाग गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, पंचावन्न दिवसांची होती, मणी हरभऱ्याएवढा झालेला. सकाळी जाऊन बघितलं तर निम्मे घड खाली आणि जे वर आहेत ते फुटलेले. २०२३ ला २६ नोव्हेंबरला पण असंच झालं होतं, तेव्हा वाटलं होतं चला एक वर्ष गेलं, पण आता परत म्हटल्यावर काही सुचेना झालंय.

पैशाचं सांगायला बसलो नाही, ते सगळ्यांचंच आहे, सोसायटी आहे, औषधाच्या दुकानाची उधारी आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. रात्री तीनला जाग येते आणि मी अंगणात जाऊन आभाळ बघतो. हवामानाचं ॲप दिवसातून तीस वेळा उघडतो. काल पोरगा नुसता पाण्याची बाटली सांडली म्हणून त्याच्यावर असा ओरडलो की आईनं त्याला आत नेलं. व्हॉट्सॲपवर सगळे टाकतायत खचून जाऊ नका, पुन्हा उभे राहा. अरे पण कसं? माझ्या वडिलांनी आयुष्यात चार वेळा बाग गेलेली बघितली, माणूस जागचा हलला नाही. मग ते जन्मतःच असतं का काहींमध्ये, का शिकता येतं?

निवांत_गडी
दादा वाईट वाटलं वाचून. एक सुचवतो, इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करा. फी नसते, दान द्यायचं ते शेवटी आपल्या मनानं. मी केलंय, मला खूप फरक पडला, राग यायचा तो कमी झाला.

वेलीखालचा
धन्यवाद भाऊ पण दहा दिवस मोबाईल बंद आणि इकडे राहिलेल्या घडांवर डावणीची बुरशी आली तर ती काय मौन पाळणार आहे का. उन्हाळ्यात बघतो.

दिंडोरीकर_आबा
पोरा मी साठीतला आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. वडील हलले नाहीत म्हणतोस ते तू बाहेरून बघितलंस. माझ्या पोरांना विचारलंस तर ते पण सांगतील आमचा बाप दगड आहे. मी विहिरीवर मोटर चालू करून बसायचो आणि तिथं रडायचो, मोटरच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही.

२००९ ला नोव्हेंबरात फयान वादळ आलं कोकणात आणि पाऊस पडला आमच्या बागांवर. फुलोऱ्यातली बाग, कूज झाली, डावणी झाली. जे वाचलं ते मी जीव लावून एक्सपोर्टला दिलं आणि २०१० ला युरोपात क्लोरमेक्वाटचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतो ते आपलं सीसीसी, त्याचा अंश सापडला म्हणून द्राक्षं अडकली. माझा माल ज्या कंटेनरात होता तो रॉटरडॅमला पडून राहिला. एका हंगामात दोनदा मार. पण खरी चूक मी त्यानंतर केली ती सांगतो, कारण ती माझीच होती, आभाळाची नाही.

एप्रिलला मला बागेत पाय टाकवेना. खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली काडी तयार करायची छाटणी, आज करू उद्या करू म्हणत मे संपत आल्यावर केली, तीही रागात, मजूर सांगून घरी झोपलो. शेणखत नाही, सबकेन (शेंडा खुडून पोटकाडी काढणं) वेळेवर नाही, पाणी मनाला येईल तसं. आता तू बागायतदार आहेस, तुला माहितीये की पुढच्या वर्षीचा घड काडीत कधी तयार होतो, त्या खरडीनंतरच्या दोन महिन्यांतच, आणि त्याला ऊन लागतं. माझं ते सगळं जूनच्या ढगाळीत सापडलं. ऑक्टोबरला छाटल्यावर नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, निघाल्या, घडच नाहीत. म्हणजे फयानानं माझं एक वर्ष नेलं आणि दुसरं मी स्वतः दिलं. तेव्हापासून एक ठरवलंय, मन लागो न लागो, सकाळी सातला बागेत जायचं आणि एक ओळ तरी काम करून यायचं. मन नंतर येतं मागून. कधी नाही पण येत, मग ओळ तर होते.

चहाबाज_ताई
आबांचं वाचून थांबले थोडा वेळ.

मी समुपदेशनाचं काम करते, शेतीतलं फार कळत नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट दिसली. बाग गेली ही घटना. त्यावर तुम्ही स्वतःशी काय बोलताय ते तुम्ही लिहिलंय नकळत, की वडील हलले नाहीत आणि मी हललो, म्हणजे मीच कमी. झोप उडवतंय ते बरंचसं हे दुसरं वाक्य. अमेरिकेत अल्बर्ट एलिस या मानसतज्ज्ञानं १९५५ च्या सुमारास हे दुसरं वाक्य तपासायची पद्धत मांडली, आपल्याकडे ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठीत घरोघरी पोचवली, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. त्यात काळजी आणि चिंता वेगळ्या धरतात. संध्याकाळी अंदाज बघून उद्याची फवारणी ठरवली ही काळजी. रात्री तीनला आभाळ बघणं ही चिंता, कारण त्या वेळी तुम्ही करू शकत काहीच नाही. ॲप दिवसातून दोनदा, वेळ ठरवून बघा. पहिले चार दिवस हात शिवशिवेल, शिवशिवू द्या.

आणि मुलाला सांगा की बाबा चुकला. त्याला वाटत असेल बाटलीमुळे झालं सगळं.

कडू_कारलं
माफ करा ताई पण विचार बदलून व्याज थांबतं का? शेतकऱ्याला सारखं मन खंबीर करा सांगायचं म्हणजे बाकी कोणाला काही करायला नको. माझा सल्ला एकच, फळपीक विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरलाय का ते आधी बघा. भरला असेल तर ७२ तासांत कळवावं लागतं. परवा संध्याकाळी म्हणताय तर उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. ही पोस्ट वाचत बसू नका, उठा.

चहाबाज_ताई
कारलं, अगदी बरोबर, आणि मी हेच म्हणतेय हो. माणूस चिंतेत असला की नेमका हा फोन राहून जातो.

बांधावरची
मी सहसा लिहित नाही, वाचते फक्त. २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली ना सगळीकडे, तेव्हा आमचं डाळिंब गेलं. हे बोलायचेच बंद झाले. जेवायला बसायचे आणि ताट तसंच. लोक म्हणायचे केवढा धीराचा माणूस, एक शब्द नाही काढला तोंडातून. मला भीती त्या गप्प राहण्याचीच वाटत होती. मी दिरांना बोलावलं आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे देऊन टाकली, यांना काही न विचारता. चिडले खूप. चिडले तेव्हा बरं वाटलं मला, निदान बोलले तरी.

मग एका रात्री पोराच्या वहीत सगळं देणं लिहून काढलं, कोणाचे किती, कोण थांबेल, कोण थांबणार नाही. डोक्यात ते डोंगराएवढं होतं, वहीत दीड पान झालं. कमी नव्हतं हो काही, पण दीड पान होतं. दोन जण म्हणाले पुढच्या बहाराला द्या. एकानं तगादा लावला, त्याला माझी पाटली मोडून दिली. अजून केली नाही परत, करू.

दादा तुमच्या मनात नको ते विचार येत असतील तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. येत नसतील तर चांगलंच, पण नंबर सेव्ह करून ठेवा. आणि बायकोला सांगितलंय का हे सगळं, का फक्त इथेच लिहिलंय?

वेलीखालचा
ताई, खरं सांगू, इथेच लिहिलं होतं. काल रात्री सांगितलं तिला. ती म्हणाली मला माहितीये, तुम्ही तीनला उठता तेव्हा मी पण जागीच असते.

कारलंभाऊ, जादा हप्ता भरलेला होता, पाच वाजता कळवलं, सहाला मुदत संपत होती. तुमचे आभार कसे मानू, मी विसरूनच गेलो होतो. पैसे किती येतील कधी येतील ते पुढचं पुढे.

आबा, आज सातला गेलो. दोन ओळी झाल्या, फुटलेले घड काढले. वडील न बोलावता आले आणि पलीकडून लागले कामाला, बोलले काहीच नाहीत. एक विचारायचं होतं, काड्यांना पण मार बसलाय, साली फाटल्यात. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीवरचं मिश्रण) मारू का, का थोडं थांबू?

दिंडोरीकर_आबा
थांबू नको, ओल आहे तोवर बुरशी शिरते. पण आता बाग हिरवी आहे तेव्हा खरडीला मारतो तेवढा कडक नाही, हलका कर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यात भिजव. फोटो टाक काड्यांचे. आणि विहिरीवरची मोटर चालू आहे ना तुझी?