व्हिडिओ ईईजी परत करायला सांगितलाय, करू का? अनुभव सांगा प्लीज

सातारकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, रेसिप्या आणि भांडणं दोन्ही. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा. आणि लांबणार आहे, आधीच सॉरी.

वय ३४. घरी नवरा, ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मला एकोणिसाव्या वर्षापासून फिट्स येतात. पडून हातपाय झाडायची आकडी म्हणतात ती माझी क्वचित, वर्षाला एखादी, तीही बहुतेक झोपेत. नेहमीची फिट म्हणजे पोटातून काहीतरी सरसरत वर छातीपर्यंत चढतं, पाळणा खाली येताना पोटात गोळा येतो ना तसा पण उलटा, आणि त्यापुढचं मला काहीच माहीत नसतं. लोक सांगतात की मी एकटक बघत बसते, तोंडाने मचमच करते, हाताने काहीतरी चिवडत असते आणि दीड-दोन मिनिटांनी "काय झालं" म्हणून विचारते. महिन्यात ३-४ वेळा. लेव्हेटिरासिटॅम, ऑक्सकार्बाझेपिन आणि रात्री क्लोबॅझम, तिन्ही चालू आहेत आणि एक डोस चुकत नाही, नवरा रविवारी बसून आठवड्याची डबी भरतो. तरी थांबत नाहीत. डॉक्टर म्हणाले दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट्स चालूच असतील तर आणखी औषधं वाढवून त्या पूर्ण थांबायची आशा कमीच असते, त्यापेक्षा ऑपरेशन होण्यासारखं आहे का ते तरी बघू. एमआरआयवर एका रेडिओलॉजिस्टने सगळं नॉर्मल लिहिलंय, दुसऱ्याने उजवा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) जरा बारीक वाटतो असं. म्हणून पुण्यात एका हॉस्पिटलला ४ दिवस व्हिडिओ ईईजीसाठी अॅडमिट झाले. नाव विचारू नका, माणसं चांगली होती, उगाच कशाला.

साधा ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतला करंट मोजतात तो, अर्ध्या तासात उरकतो आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात फिट येत नाही, त्यामुळे माझे पाचातले चार नॉर्मल आलेत आणि दर वेळी कोणीतरी नातेवाईक म्हणतं "बघ काहीच नाहीये, तू टेन्शन फार घेतेस". व्हिडिओ ईईजीत वायरी दिवसरात्र लावून ठेवतात, समोर कॅमेरा आणि माईक, आणि फिट यायची वाट बघतात. एवढंच.

आदल्या दिवशी तेल न लावता शाम्पूने केस धुवून गेले. टेक्निशियन ताईंनी शिंप्यासारखी टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घेतलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि वायरीच्या टोकाची एकेक छोटी वाटी चिकटवत गेल्या, वीसच्या वर होत्या, प्रत्येकीवर कापडाचा तुकडा, त्यावर तो कोलोडियन नावाचा डिंक आणि मग हवा मारून वाळवायचं. वास असा की सासूबाई दार उघडून बाहेर जाऊन बसल्या. वरून बँडेजचा फेटा. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली आई तुझं लग्न आहे का.

मग हाताला सुई, पलंगाच्या कठड्यांना उशा बांधलेल्या. तीन मिनिटं जोरजोरात श्वास, डोळ्यांवर लखलख लाइट, रात्री दोनपर्यंत जागरण. पहिल्या दिवशी क्लोबॅझम बंद, दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या निम्म्या. सासूबाई माझ्या फिट्स जाव्यात म्हणून नऊ वर्षं दर शनिवारी मारुतीला तेल घालतायत, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आता एकदाची येऊ दे गं बाई."

रात्री त्याच थांबायच्या, नवरा मुलीजवळ. त्यांच्या हातात बटण दिलं होतं आणि शिकवलं होतं की फिट दिसली की आधी बटण दाबा, हिच्या अंगावरचं पांघरूण काढा, कॅमेऱ्याच्या आड उभ्या राहू नका आणि प्रश्न विचारा, नाव काय, हात वर कर, हे काय आहे म्हणून एखादी वस्तू दाखवा, आणि एक शब्द सांगून ठेवा जो नंतर विचारायचा. सासूबाईंनी शब्द ठरवून ठेवला होता, वरवंटा.

तर मला ते पोटातलं तीन वेळा आलं, तिन्ही वेळा मी स्वतः बटण दाबलं, आणि तिन्ही वेळा कॉम्प्युटरवर काही नाही. रेसिडेंट डॉक्टर म्हणाला "इथे काही दिसत नाहीये मॅडम" आणि असा बघितला की मला खोटं बोलताना पकडल्यासारखं झालं. त्या रात्री रडले जरा. कॅमेऱ्यात तेही असेलच.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला खरी फिट आली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला ती दाखवली. १५ वर्षं मी लोकांकडून ऐकत आले होते, बघितली पहिल्यांदाच. मला वाटलं होतं भयंकर काहीतरी दिसेल. मी उठून बसलेय, उजव्या हाताने चादरीचा काठ दुमडतेय, परत सोडतेय, परत दुमडतेय, निऱ्या घालाव्यात तसं, आणि डावा हात मात्र बाजूला वाकडा, बोटं ताठ. आणि मागून सासूबाईंचा आवाज, अजिबात न घाबरता, "नाव सांग बघू. बरं. हात वर कर. बरं असू दे. हे काय आहे? घड्याळ आहे ना? बरं. वरवंटा लक्षात ठेव हं." वस्तू दाखवायची आणि उत्तरही आपणच द्यायचं. फिट संपल्यावर मी लगेच नाव सांगितलं, घड्याळ म्हणाले, शब्द काही आठवला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मोठी फिट आली, हातपाय झाडायची, ती नेमकी बाथरूममध्ये. तिथे कॅमेरा नसतो. कडी लावू देत नाहीत म्हणून सासूबाईंनी धरलं, नाहीतर कमोडवर डोकं आपटलं असतं. वायरी निम्म्या निघाल्या. त्याचं रेकॉर्डिंग वाया.

रिपोर्ट असा आला की चादरीवाली फिट टेम्पोरल लोबची (मेंदूचा कानाजवळचा भाग) वाटते पण ईईजीत दोन्ही बाजूंना जवळजवळ एकदमच सुरू झालेली दिसते, बाजू ठरवता येत नाही, एका फिटवर ऑपरेशनचा निर्णय घेत नाहीत, तर २-३ महिन्यांनी परत अॅडमिट व्हा. डिस्चार्जला गोळ्या पूर्ववत केल्या तरी पुढच्या आठवड्यात ४ फिट्स आल्या, एक एसटी स्टँडवर. कोणीतरी चप्पल हुंगवली. असो.

आता प्रश्न. दुसऱ्यांदा करून हाती काही लागलंय असा कोणाचा अनुभव आहे का? इथेच करू की मुंबई, बंगळूर, त्रिवेंद्रम बघू? ती पोटातली फिट मशीनवर न दिसणं म्हणजे ती माझ्या मनाचीच आहे का? आणि इन्शुरन्सने कॅशलेस नाकारलं, "फक्त तपासणीसाठी भरती" म्हणून. ६० हजारांच्या आसपास खिशातून गेले, परत तेवढे घालायचे तर विचार करावा लागेल.

अळूचं फदफदं

ताई, सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा. बाकी जाणकार लिहितीलच.

निसर्गोपचार प्रेमी

डोक्याला करंट लावून काही होत नाही. ब्राह्मी घृत नाकात सोडा आणि गोळ्या हळूहळू बंद करा, माझ्या मेव्हण्याला फरक पडला.

वायरवाली

वरच्या प्रतिसादाकडे कृपया दुर्लक्ष करा. गोळ्या घरी कमी करायच्याच नाहीत. हॉस्पिटलात कमी करतात ते हाताला सुई लावून, इंजेक्शन भरून तयार ठेवून आणि चोवीस तास लक्ष ठेवून. घरी अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट्स लागतात, त्यात जीव जातो, हे मी वाचून सांगत नाहीये.

मी ईईजी टेक्निशियन आहे, ते चिकटवायचं आणि नंतर अॅसिटोनने सोडवायचं कामच माझं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. पोटातलं ते वर चढणं हीच फिटची सुरुवात असते, छोटी फिटच ती. ती मेंदूत आत, टेम्पोरल लोबच्या आतल्या अंगाला, लहानशा जागेत होते आणि आमच्या वाट्या कवटीच्या बाहेर. मेंदूचा बऱ्यापैकी मोठा भाग एकत्र पेटला तरच बाहेर रेघ हलते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर ऐकू येते, भात रटरटलेला ऐकू येत नाही, तसं. तेव्हा रेघ दिसली नाही म्हणजे तुम्ही खोटं बोललात असं मुळीच नाही, आणि त्या पोराने तसं बघायला नको होतं. मनाच्या ताणातून येणाऱ्या फिट्सही असतात, त्याही खऱ्याच असतात आणि याच टेस्टमध्ये वेगळ्या ओळखता येतात, पण तुमच्या रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं दिसत नाही.

आता बाजूचं. तुम्ही ते चादरीचं लिहिलंय ना ते वाचून मी दोनदा वर गेले. ईईजीने बाजू सांगितली नाही तरी व्हिडिओ बरंच सांगतो, म्हणूनच त्यात व्हिडिओ आहे. चिवडणारा हात कुठला, ताठ झालेला हात कुठला, संपल्यावर बोलणं लगेच आलं की वेळ लागला, हे सगळं डॉक्टर बघतात. टेम्पोरल लोबच्या फिटमध्ये ताठ होणारा हात बहुतेक वेळा उगमाच्या विरुद्ध बाजूचा असतो. आणखी एक गंमत सांगते, फिट संपल्या संपल्या माणूस बरेचदा नाक पुसतो, आणि ज्या हाताने पुसतो त्याच बाजूला उगम असण्याची शक्यता जास्त. मी काही निदान करत नाहीये, तुमच्या डॉक्टरांनी हे पाहिलंच असेल, पण विचारा जरूर, आणि क्लिप सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, दुसरीकडे गेलात तर उपयोगी पडते.

परत केलात तर: गालाजवळ, कानाखाली जास्तीच्या वाट्या लावणार का ते विचारा. बाथरूमला शक्यतो नर्सला बेल देऊनच जा नाहीतर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची मागा, लाज वाटते कळतं मला, पण तुमची मोठी फिट तिथेच गेली. चिवडा, फरसाण, शेंगदाणे नेऊ नका, चावलं की आमच्या स्क्रीनवर नुसतं गवत उगवतं. समोरून बटणं असलेले शर्ट न्या. आणि केसात राहिलेल्या खपल्या अॅसिटोनने नाही निघाल्या तर रात्री खोबरेल चोपडून ठेवा, नखाने खरवडू नका.

कोकणातला

माझ्या धाकट्या भावाचं त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा हॉस्पिटलात फिट्सचं ऑपरेशन झालं. १९९० च्या दशकापासून तिथे एपिलेप्सीच्या ऑपरेशनचं काम चालतं, त्यामुळे कोणाला काही नव्याने समजवावं लागत नाही. नंबर लागायला मात्र वेळ लागला, आणि मल्याळमपुढे आपलं हिंदी पण गळून पडतं, नर्सेसशी खाणाखुणा. त्याचीही पहिली व्हिडिओ ईईजी (इथे केलेली) बिनकामाची निघाली, दुसऱ्यात पाच दिवसांत तीन फिट्स पकडल्या. त्याशिवाय फिट्ससाठी असतो तो वेगळा एमआरआय ३ टेस्लाच्या जास्त ताकदीच्या मशीनवर परत काढला, पेट स्कॅन केला आणि स्मरणशक्ती, भाषा वगैरेची दोन तासांची परीक्षा घेतली. सगळं एका बाजूला बोट दाखवतंय का ते बघतात, मगच ऑपरेशनचं नाव. तुमचा एमआरआय त्या प्रकारचा झालाय का? दोन रेडिओलॉजिस्टांची दोन मतं आहेत तर आधी ते मिटवा, ते स्वस्तात होतं. मुंबईत केईएमला पण ही ऑपरेशनं होतात, साताऱ्याहून तेच सोयीचं पडेल.

क्लेमवाला

इन्शुरन्सचं बोलतो. बहुतेक सगळ्या पॉलिसींत "इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन" असं एक एक्सक्लुजन छापील असतं, ४ नंबरचा कोड, नुसत्या तपासणीसाठीची भरती मिळत नाही. त्यामुळे अॅडमिशनच्या कागदावर फक्त "फॉर व्हिडिओ ईईजी" लिहिलं की फाइल तिथेच मेली. तुमच्या केसमध्ये तीन औषधं चालू असताना आटोक्यात न येणाऱ्या फिट्स आहेत, औषधं कमी करून देखरेखीखाली ठेवावं लागलं, सलाइनची सुई, मोठी फिट आली, त्यावर इंजेक्शन दिलं असेल तर तेही. हे सगळं खरंच घडलंय, फक्त ते डॉक्टरांच्या पत्रात सविस्तर आलं पाहिजे. पत्र जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. मिळेलच असं नाही म्हणत, पण पहिल्या नकारावर सोडू नका.

अळूचं फदफदं

@निसर्गोपचार प्रेमी, मेव्हण्यांचा ईईजी काढला होता का? की करंट नको म्हणून तो पण नाही? (ईईजीत करंट लावत नाहीत हो, मेंदूचा मोजतात.)

सातारकरीण

सगळ्यांचे खूप आभार. वायरवाली ताई, भात रटरटलेला ऐकू येत नाही हे वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तीन आठवडे ते डोक्यात अडकून बसलं होतं.

एमआरआय साताऱ्यात साध्या मशीनवर झालाय, फिट्ससाठीचा वेगळा असतो हे कोणी बोललंच नव्हतं. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे तेव्हा आधी तो, क्लिप आणि इन्शुरन्सचं पत्र एवढं मागते आणि रिपोर्ट घेऊन केईएमला दाखवून येऊ असं ठरतंय. फिट थांबवायला मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे पण लिहून घेते, एसटी स्टँडसाठी.

नाक पुसायचं मला व्हिडिओत आठवेना म्हणून आत्ताच सासूबाईंना विचारलं. भाकरी थापत होत्या, मान पण वर केली नाही. "उजव्या हाताने. आणि माझ्या पदराला पुसलंस."

परत जायचं झालं तर त्या येणार आहेत. म्हणाल्या या वेळी सोपा शब्द ठेवते, वरवंटा जरा जड झाला. गूळ ठरलाय.