मदत हवी आहे: स्टेंटला चार महिने झाले, दाढ काढायला गोळ्या बंद कराव्या का?

झिरोमाईल : बाबा 61 वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अटॅक, लगेच अँजिओप्लास्टी, एलएडीत (हृदयाच्या एका मुख्य रक्तनळीत) औषधी स्टेंट (3 × 28 मिमी). ॲस्पिरिन 75 रोज एक, टिकाग्रेलॉर 90 दोन वेळा. खालच्या दाढेत पू झालाय. दाताचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करून या. करायच्या का? नागपुरात कुठे काढता येईल?

उंटखाना : भाऊ, मनाने एकही डोस चुकवू नका. अँजिओप्लास्टीत चरबीचा थर काढत नाहीत. फुगा फुगवून तो बाजूला दाबतात आणि जाळी (म्हणजेच स्टेंट) नळीच्या भिंतीत रुतवतात. त्या तारांवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकटून गुठळी होऊ शकते. जाळीवरच्या औषधामुळे नळी पुन्हा अरुंद होत नाही खरी, पण अस्तरही उशिरा चढतं. म्हणून प्लेटलेट्स चिकटू न देणाऱ्या या दोन्ही गोळ्या अटॅकनंतर साधारण 12 महिने. एलएडी हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवते, ती अचानक बंद पडली तर जिवावर बेततं. दाढेतलं रक्त बोळा दाबून थांबतं, स्टेंटवर बोळा दाबता येत नाही.

गोरेवाडा : सहमत. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ओरल सर्जरीला दाखवा. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त वाहिलंच तर दिवस हातात राहतो. खड्ड्यात जिलेटिन स्पंज, वर टाके, मग ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडात (रक्त थांबवणाऱ्या औषधात) भिजवलेला गॉज अर्धा तास चावून धरायचा. भुलीच्या इंजेक्शनातलं ॲड्रेनलिन एकूण 0.04 मिलीग्रॅमच्या आत हवं. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्रुफेन ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं, डायक्लोफिनॅकही नको. अँटिबायोटिक दिलं तर क्लॅरिथ्रोमायसिन नाही ना ते बघा, त्याने टिकाग्रेलॉर रक्तात फार चढतं. 24 तास जोरात चूळ भरायची नाही, गरम तर्री नाही. आणि खर्रा खात असतील तर तो आत्ताच सोडवा, सुपारीचा चुरा खड्ड्यात बसतो आणि तंबाखूने जखम रेंगाळते.

झिरोमाईल : स्टेंट आहे म्हणून आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो म्हणे?

गोरेवाडा : नाही, तो नियम हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांचा. पू असल्यामुळे दिलं तर गोष्ट वेगळी.

उंटखाना : कार्डिओलॉजिस्टकडून लेखी घ्या: स्टेंटची तारीख, नळी, चालू गोळ्या आणि 'गोळ्या चालू ठेवून दाढ काढावी'. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत न्या. घरी रक्त आलं तर कोरडा गॉज पुन्हा 20 मिनिटं दाबायचा. तरी थांबलं नाही तर थेट दवाखाना, गोळी मात्र आपल्या मनाने बंद नाही. छातीत दाब, दरदरून घाम आला तर दाढ विसरा, 108 लावा.